घरात कोण कोण राहतं

माझे यजमान वारले त्याला आठ महिने झाले होते, तेव्हा घरमालकाने आम्ही परदेशात राहत होतो ते टार्निट उपनगरातलं घर विकायला काढलं. एजंटकडून ईमेल आली. घर कधीपर्यंत रिकामं करायचं ती तारीख, काही शंका असल्यास फोन करा अशी एक ओळ, आणि सगळ्यात वर दोन नावं. आधी ह्यांचं, मग माझं. मी ओट्यापाशी उभी राहून ती ईमेल वाचली, आणि पहिला विचार आला तो हा, की संध्याकाळी हे उठले की सांगायला हवं.

मला वेड लागलं नव्हतं. ते गेलेत हे मला पक्कं माहीत होतं. एका वेअरहाउसमध्ये ते रात्रपाळीचे सुपरवायझर होते आणि पहाटे पावणेसहाला घरी यायचे. त्या दिवशीही आले. गाडी ड्राइव्हवेत शिरल्याचा आवाज मी अंथरुणातून ऐकला, इंजिन बंद झालेलंही ऐकलं. त्यानंतर दाराला किल्ली लागायला हवी होती. मला वाटलं, रेडिओवर काहीतरी ऐकत बसले असतील. मी उठून चहा टाकला. चहा उकळून खाली आला तरी दार उघडलं नाही, म्हणून स्वेटर घालून बाहेर गेले. त्यांनी सीटबेल्टसुद्धा काढला नव्हता.

हृदय बंद पडलं, त्यांना कळलंही नसेल, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यावर विश्वास ठेवला. पण एक गोष्ट मनातून जाईना. ते घरापर्यंत आले होते आणि घरात आले नव्हते. मधली पंधरा पावलं राहून गेली होती.

घर सोडायची नोटीस आली तेव्हा मी एका ट्रान्सपोर्ट कंपनीत आठवड्याचे तीन दिवस पगारपत्रकं करत होते. साठवलेलं जे थोडं होतं ते पहिल्या काही महिन्यांतच संपलं, त्याचे तपशील सांगत बसत नाही. मुलगी आठ वर्षांची. तिची शाळा बदलायची नाही एवढंच मी मनाशी धरलं होतं. सहा-सात आठवडे शनिवारी शनिवारी घरं बघत फिरले. शेवटी वेरिबीच्या बाजूला, शाळेच्या बसमार्गावर, दोन खोल्यांचं एक जुनं युनिट मिळालं. तिथल्या एजंटबाईंनी अर्ज मंजूर केला, पण अट घातली की शुक्रवारी दुपारी बारापर्यंत अनामत रक्कम जमा व्हायला हवी, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला घर जाईल. इथे तिला बॉन्ड म्हणतात. आमच्या जुन्या घराचा बॉन्ड दोघांच्या नावावर अडकला होता आणि तो सोडवायला दोघांच्या सह्या लागत होत्या.

अशा वेळी सरकारी हाउसिंग ऑफिस बॉन्डसाठी मदत करतं, हे मला ऑफिसातल्या एका बाईने सांगितलं. आपण इथले पर्मनंट रेसिडेंट आहोत, कर भरतो, तर मागायला लाजायचं काय, असंही ती म्हणाली. मला लाज वाटत नव्हती. सरकारी मदतीवरच मी शिकले आहे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची. स्कॉलरशिपसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला वडिलांबरोबर तहसीलमध्ये गेले होते, तेव्हा त्यांनी मला जिन्याखाली थांबवून सांगितलं होतं, "सरकारी कागदावर खोटं लिहायचं नाही अन् खाडाखोड करायची नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून होतात." आमच्या वर्गशिक्षकांनी शाळा सुटल्यावर मला बसवून अर्ज लिहायला शिकवलं; समास किती सोडायचा, विषय कुठे लिहायचा. त्या दोघांमुळे मी इथपर्यंत आले असं मी मानते.

हाउसिंगचा अर्ज ऑनलाइन होता, तरी मी तो आधी वहीत कच्चा लिहून काढला. एक प्रश्न होता, घरात कोण कोण राहतं. मी लिहिलं: मी आणि माझी मुलगी. हे खरं होतं. त्या अर्जात मी एक अक्षरही खोटं लिहिलं नाही.

खोटं दारात होतं.

आमच्या गावाकडे गडीमाणूस परगावी असला की त्याच्या वहाणा उंबऱ्यापाशी तशाच ठेवतात. कापसाच्या हंगामात वडील तीन-तीन महिने आदिलाबादकडे जायचे. आई त्यांच्या वहाणा रोज पुसायची, आणि आठवड्यातून एकदा त्यांचा धुतलेला सदरा पुन्हा पाण्यातून काढून दोरीवर घालायची. बाहेरून जाणाऱ्याला गड्याचा सदरा दिसला पाहिजे. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. सगळ्याच बायका करायच्या.

हे गेल्यावर आई रोज व्हिडिओ कॉल करायची. रडणं पहिल्या पंधरवड्यात संपलं. मग एक दिवस ती एकदम कामाचं बोलल्यासारखी म्हणाली, "माय, दारात त्यांचं पायताण हाय ना?"

"बूट आहेत. कामाचे."

"राहू दे तितंच. बाईमाणूस एकलं हाय, हे परमुलखात कुणाला कळू द्यायचं नसतं."

ते बूट दारातच होते, मी हलवलेच नव्हते. पुढे लोखंड असलेले, जड, पिवळट रंगाचे. तिने सांगितल्यावर मात्र मी त्यांच्याकडे नीट बघायला लागले. बूट रोज एकाच जागी तसेच दिसले तर लोकांना कळेल, म्हणून मी ते कधी उजवीकडे सरकवायची, कधी एक आडवा करायची. शनिवारी त्यांचा एक शर्ट धुवून मागच्या तारेवर घालायची. टार्निटमध्ये दिवसाआड कुणीतरी दार वाजवतं. सोलर विकणारे, वीज कंपनी बदला म्हणणारे, धर्माची पत्रकं वाटणारे. माणसं वाईट नसतात, पण घरात डोकावतात. मी आतल्या खोलीकडे तोंड करून मराठीत मोठ्याने म्हणायची, "अहो, झोपा तुम्ही, मी बघते." मग त्या माणसाला सांगायची की नवरा रात्रपाळी करून झोपलाय. तो आवाज कमी करून जायचा. इथली माणसं रात्रपाळीला फार मान देतात.

एकदा असंच "अहो, झोपा" म्हटलं, माणूस गेला, मी दार लावलं आणि तिथेच थांबून राहिले. कशाला थांबले ते थोड्या वेळाने लक्षात आलं. मी हुंकाराची वाट बघत होते. ते झोपेत एक हुंकार द्यायचे, "हं" आणि "हो" यांच्या मधला.

मुलीलाही मी शिकवून ठेवलं. मी बाथरूममध्ये असताना किंवा मागे असताना कुणी आलं तर काय सांगायचं. मी शिकवलं होतं फक्त, बाबा झोपलेत. बाकीचं तिने स्वतः घातलं.

सहामाही इन्स्पेक्शनला, घर नीट ठेवलंय का ते बघायला, आमच्या घराचा एजंट आला होता, तेव्हा ह्यांना जाऊन दोन महिनेच झाले होते. लीज दोघांच्या नावावर. एका पगारावर घर दिलं नाही तर, या भीतीने मी त्याला कळवलंच नव्हतं. बाथरूममध्ये ह्यांचा टॉवेल ओला करून टांगला, दाढीचा ब्रश ओला केला, सिंकमध्ये दोन कप ठेवले. एजंट म्हणजे कोवळा गोरा मुलगा. "हजबंड कामावर?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "हो." तो गेल्यावर मी दोन्ही कप धुतले. त्यातला एक खरंच उष्टा असल्यासारखा घासला.

म्हणून हाउसिंग ऑफिसने जेव्हा जुन्या एजंटकडून पत्र मागवलं, तेव्हा त्यात आलं की दोन प्रौढ भाडेकरू आहेत, घर नीट ठेवतात, भाडं वेळेवर देतात.

हे मला शुक्रवारची मुदत होती त्या आठवड्याच्या मंगळवारी कळलं. मी मागच्या अंगणात शनिवारपासून तारेवर राहिलेले कपडे काढत होते, फोन आत चार्जिंगला होता. मुलगी दारात येऊन म्हणाली, "आई, एका लेडीचा कॉल आला होता. हाउसिंग समथिंग. डोन्ट वरी, मी सांगितलं डॅड झोपलेत."

माझ्या हातात ह्यांचा निळा शर्ट होता.

"नेमकं काय सांगितलंस बाळा?"

"सेम ॲज ऑलवेज. डॅड इज स्लीपिंग, ही डझ नाइट शिफ्ट, यू कान्ट वेक हिम, ही गेट्स रिअली क्रँकी."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"शी सेड, ओह. मग म्हणाली, दॅट्स ओके, डार्लिंग. शी वॉज नाइस."

मी लगेच परत फोन लावला. बाई खरंच चांगल्या होत्या, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. त्या हळू आवाजात म्हणाल्या की अर्जात दोनच माणसं आहेत, एजंटच्या पत्रात दोन प्रौढ आहेत, आणि मुलगी म्हणते वडील घरात आहेत. तेव्हा अर्ज थांबवून ठेवावा लागेल. घरात कमावता माणूस असेल आणि तो लपवला असेल तर मदत नाकारली जाते. तुम्ही उद्या प्रत्यक्ष येऊ शकाल का? फोनवरच सांगता आलं असतं की ते वारलेत. पण मुलगी समोर उभी होती, शाबासकीची वाट बघत. मी म्हटलं, "येते."

शुक्रवार दुपारपर्यंत वेळ होता. तोवर पैसे जमा झाले नाहीत तर युनिट जाणार, आणि दुसरं घर शोधायला हातात तीन आठवडेही नव्हते.

बुधवारी अर्धी रजा टाकून गेले. टोकन घेऊन बसायचं, नंबर आला की काचेपाशी जायचं, तहसीलसारखंच. फक्त इथे पंखे नव्हते आणि कुणी खेकसत नव्हतं. फोनवरच्या बाई माझ्या सासूबाईंच्या वयाच्या. मी मृत्यूचा दाखला काचेखालच्या फटीतून सरकवला. तो मी मिळाल्यापासून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला होता आणि एकदाही पूर्ण वाचला नव्हता. त्यांनी पूर्ण वाचला. तारखेवर बोट ठेवलं.

"आय'म सो सॉरी, लव्ह," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला हे विचारावंच लागणार आहे. राग मानू नका. मग तुमच्या घरात झोपलंय कोण?"

कोणी नाही, हे तीन सेकंदांत सांगता आलं असतं. पण त्या प्रश्नाबरोबर मला आमची आतली खोली दिसली, ओढलेले पडदे, पलंगाची भिंतीकडची बाजू जिथे मी कधी झोपत नाही. तिथे कुणीतरी आहे असं मी नऊ महिने लोकांना सांगत होते. आणि त्या बाईंनी इतक्या साधेपणाने विचारलं होतं की क्षणभर मलाच वाटलं, घरी जाऊन बघायला हवं.

"कोणी नाही," मी शेवटी म्हटलं. मग सगळं सांगावं लागलं. बूट, टॉवेल, शर्ट. मराठीत सांगायला या गोष्टीला दोन वाक्यं लागली असती. इंग्रजीत ती वेड्या बाईची गोष्ट होत गेली.

"शर्ट धुता तुम्ही? न घातलेला?"

"हो."

"दर आठवड्याला?"

"शनिवारी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे टाकायला आमच्या कंप्युटरमध्ये रकाना नाहीये," त्या म्हणाल्या, आणि मला एकदम हसू आलं. त्याही हसल्या. मग कामाला लागल्या. मुलीला काय शिकवलं होतं ते मी लिहून द्यायचं. घरात दुसरं कुणीही प्रौढ राहत नाही असं प्रतिज्ञापत्र, साक्षीदाराच्या सहीसह, हवं. एजंटचं दुरुस्त केलेलं पत्र हवं. विजेचं खातं कुणाच्या नावावर आहे?

"त्यांच्या."

"तेही बदला. हे सगळं उद्या पाचच्या आत माझ्या हातात द्या, मी स्वतः वर घेऊन जाईन."

त्या बाईंचं नाव मी लिहीत नाही, पण त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्या मला खोटारडी ठरवू शकल्या असत्या, आणि कागद पाहिले तर ते चूकही नव्हतं.

त्या दुपारी पार्किंगमध्ये गाडीत बसून दोन फोन केले. वीज कंपनीतल्या मुलाने विचारलं, खातेदाराशी बोलता येईल का? जिभेवर सवयीचं वाक्य आलं होतं. मी म्हटलं, "नाही. ते वारलेत." तो म्हणाला, "नो वरीज," आणि मग घाबरून तीनदा सॉरी म्हणाला.

एजंटशी बोलणं अवघड गेलं.

"पण मी त्यांचे बूट पाहिले होते," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात ते कामावर आहेत."

"हो, म्हणाले होते."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगितलं असतं तर लीज पुढे चालू ठेवली असती का?"

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "कदाचित नसती." खोटी समजूत त्याने काढली नाही, याबद्दल मी आजही त्याची आभारी आहे. सकाळपर्यंत पत्र पाठवतो म्हणाला आणि त्याने ते संध्याकाळीच पाठवलं. त्यात ह्यांच्या नावापुढे एक शब्द घातला होता, 'दिवंगत' या अर्थाचा. बाकी सगळं पत्र तेच, घर नीट ठेवतात, भाडं वेळेवर देतात.

आईला सांगितलं तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग आता दारात काय ठेवशील?"

"काही नाही आई. एकटी राहते म्हणून लिहून देणार आहे."

"कागदावर दे. दारात सांगू नको." मग म्हणाली, "सरकारला कळलं म्हणून शेजाऱ्याला कळाया पायजे असं हाय का?"

मला हसूही आलं आणि रागही आला. तिचं चुकत होतं असं मला अजूनही म्हणता येत नाही.

गुरुवारी मुलीला शाळेतून घेतलं आणि टार्निटच्या शॉपिंग सेंटरमधल्या फार्मसीत गेलो. इथे प्रतिज्ञापत्रावर साक्षीदार म्हणून फार्मसिस्टची सही चालते. काउंटरवरचा फार्मसिस्ट मुलगा दिल्लीकडचा असावा. कागद बघून म्हणाला, "दीदी, ये बोलना पड़ेगा, मुँह से. नियम है." माझ्यामागे प्रॅम घेतलेली एक बाई आणि खोकणारे एक आजोबा होते. मुलगी लिप बामच्या स्टँडपाशी वास घेत उभी होती.

नंतर कळलं की फक्त शेवटची एक ओळ म्हणायची असते, की यात लिहिलेलं खरं आहे. तो ते सांगेपर्यंत मी सुरुवात केली होती. शाळेत परिपाठाला प्रतिज्ञा म्हणायचो तसे माझे पाय आपोआप जुळले, पाठ ताठ झाली आणि मी पहिल्या शब्दापासून खणखणीत वाचायला लागले. माझं पूर्ण नाव. पत्ता. या घरात मी आणि माझी मुलगी राहतो. माझे पती या घरात राहत नाहीत. ते मरण पावले आहेत. माझी मुलगी फोनवर जे बोलली ते तिला मी शिकवलं होतं. या घरात दुसरं कोणीही राहत नाही.

त्या मुलाने मला थांबवलं नाही. मागचे आजोबा खोकायचे थांबले होते. वाचून झालं तेव्हा मुलगी माझ्या कमरेशी येऊन उभी होती, आणि तिच्या हातात एक लिप बाम तसाच राहिला होता. फार्मसिस्टने सही केली, शिक्का मारला, आणि लिप बामकडे बघून म्हणाला, "ये इसका है, ले जाने दो." पैसे घेतले नाहीत.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आई, तू सगळ्यांना सांगितलंस."

"हो."

"सो आय कान्ट से इट एनीमोर."

"नाही बाळा. आता नाही सांगायचं."

हाउसिंग ऑफिस पाचला बंद होणार होतं, मी गाडी काढली. ती खिडकीबाहेर बघत होती. दोन सिग्नल गेल्यावर बोलली. "मला माहीत होतं ते नाहीयेत. आय'म नॉट अ बेबी. मला ते म्हणायला आवडायचं फक्त." आणि मग, "म्हटल्यावर मी टीव्हीचा आवाज कमी करायचे. थोडा वेळ."

ते मी पाहिलं होतं. कुणी दार वाजवून गेलं की ती टीव्ही हळू करायची. मला वाटायचं, पोर शहाणी झाली. आणि त्या वेळात मीही भांडी आवाज न करता ठेवायची, गॅसचा लायटर टॉवेलखाली धरून दाबायची. आम्ही दोघी, एकमेकींना न सांगता, कुणाची तरी झोप मोडू नये म्हणून जपत होतो.

पाचला दहा मिनिटं असताना कागद दिले. बाईंनी ते मोजले, एकदा प्रतिज्ञापत्र वाचलं, मुलीकडे पाहून हात हलवला आणि जिन्याने वर गेल्या. घरी आल्यावर मी बूट उचलून कपाटात ठेवले. ते उचलताना हलके वाटले. मला वाटायचं जड आहेत.

शुक्रवारी पहाटे नेहमीसारखी जाग आली. पावणेसहा झाले होते. मी पडून राहिले, आणि काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. कळायला वेळ लागला. गाडी आली नव्हती. नऊ महिने रोज पहाटे मला ड्राइव्हवेत गाडी शिरल्याचा आणि इंजिन बंद झाल्याचा आवाज येत होता, आणि तो येतोय हे मला माहीतच नव्हतं. तो आल्यावर मी उठायची, चहा टाकायची. त्या दिवशी आला नाही. बाहेर मॅगपाय पक्षी ओरडत होते, शेजारच्या घरात कुणी शॉवर सुरू केला. मी रडले ती त्या दिवशी, अंत्यविधीच्या वेळीही रडले नव्हते इतकी. मला वाटलं, मी त्यांना माझ्या सहीने घराबाहेर काढलं. सरकारचा शिक्का मारून.

हे मी कुणाला सांगितलं नाही. कागद परत मागावा असंही एकदा मनात आलं. मग मुलगी उठली, तिला डबा हवा होता.

अकराला फोन आला. "इट्स थ्रू, लव्ह," बाई म्हणाल्या. पैसे थेट जमा झाले होते. मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. मी थँक यू म्हणायच्या आतच त्या म्हणाल्या, "आय नो. गो अँड गेट युअर कीज."

किल्ल्या आम्ही पुढच्या आठवड्यात घेतल्या. नव्या युनिटच्या एजंटबाईंनी किल्ल्यांबरोबर चार-पाच पानांचा एक रिपोर्ट दिला. घरात शिरताना काय काय आधीच खराब आहे ते खोलीवार लिहून पाच दिवसांत परत द्यायचं. शनिवारी आम्ही दोघी त्या रिकाम्या घरात गेलो. मी कागद घेऊन, मुलगी माझ्या फोनचा टॉर्च लावून. तिला हे काम फार आवडलं.

"दारामागे स्क्रॅच. टू स्क्रॅचेस."

मी लिहिलं.

"कार्पेटवर स्टेन. शेप लाइक टास्मानिया."

"टास्मानिया नाही लिहायचं."

"पण आहे." मग, "आई, हे कुणी केलं?"

"आधी राहायचे त्यांनी."

"ते गेले?"

"गेले."

"मग आपण कशाला लिहायचं?"

"म्हणजे हे आपण केलेलं नाही, हे कळतं."

तिने टॉर्च भिंतीवरून सावकाश फिरवला. खिळ्यांची भोकं, एका चौकोनात फिकट राहिलेला रंग. रिकाम्या खोलीत आमचा आवाज मोठा येत होता. "इथे बाबांचं काहीच नाहीये," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, म्हणून मला ते जास्त लागलं.

"नाही. इथे ते कधी आलेच नाहीत."

तिने मान हलवली आणि दुसऱ्या खोलीत गेली. मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले. घर स्वच्छ होतं, उन्हाचं होतं, आणि मला त्यात एकटीने उभं राहायची भीती वाटत होती. अंधाराची किंवा चोराची वाटते तसली भीती ती नव्हती. या भिंतींना माझ्या आयुष्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं, त्याची होती.

"आई! धिस विंडो डझन्ट लॉक!"

मी आत गेले. तिच्या खोलीची, रस्त्याकडची खिडकी. मी कडी दोनदा ओढून पाहिली. लागत नव्हती. रिपोर्टमध्ये त्या खोलीच्या पानावर मी लिहिलं, खिडकीची कडी लागत नाही. बाजूला शेरा लिहायला जागा होती. तिथे मी खाडाखोड न करता लिहिलं, या घरात आम्ही दोघीच राहतो, कृपया लवकर दुरुस्त करावी.